खिडकीवरचा खाटीक

१

सकाळी सात वाजता सर चहाचा ट्रे घेऊन बायकोच्या खोलीत शिरले, तेव्हा खिडकीवर टकटक चालूच होती.

"आला बघा तुमचा पाहुणा," ती पलंगावरून म्हणाली. "सहापासून ठोठावतोय. आता चहा तरी विचारा त्याला."

तिचा उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये होता. थंडी सरता सरता ती मागच्या पायरीवरून घसरली होती. डॉक्टरांनी सहा आठवडे जागचं हलायचं नाही म्हणून बजावलं होतं, त्यातले तीन झाले होते. मूलबाळ नाही, शेजार नाही. कॉलेजातली नोकरी संपल्यावर शहर सोडून बागेच्या मधोमध घर बांधायचा हट्ट सरांचा. तिने तेव्हा एकदाच विचारलं होतं, "उद्या काही झालं तर हाकेला कोण?" आपण दोघं आहोत की, असं सर मोठ्या तोऱ्यात म्हणाले होते. आता रोज सकाळी ट्रे उचलताना तो तोरा त्यांना बोचायचा.

काचेबाहेर मूठभर पक्षी फडफडत होता. राखी पाठ, डोळ्यांवरून काळी पट्टी, चोचीला आकडा. खाटीक. सरडे, टोळ, दुसऱ्यांच्या घरट्यातली पिल्लं मारून कुंपणाच्या काट्यांवर टोचून ठेवायची त्याची रीत. तो दोन हात मागे जायचा आणि दगडासारखा येऊन काचेवर आदळायचा.

"साधी गोष्ट आहे," सर म्हणाले. "बाहेर उजेड, आत अंधार. म्हणजे काचेचा आरसा झाला. त्यात त्याला दुसरा नर दिसतो. वसंत ऋतू, घरट्याची हद्द..."

"फळा आणू का?" ती म्हणाली. "चाळीस वर्षं ऐकतेय. त्या बिचाऱ्याला सांगा, डोकं फुटेल त्याचं."

सरांनी साबणाच्या पाण्यात खडूची भुकटी कालवली आणि खिडकीची दोन्ही तावदानं बाहेरून जाड पांढरी करून टाकली. एक हात दिला, वाळू दिला, दुसरा दिला. उजेड आत येत होता, पण काचेत आता सूर्यसुद्धा दिसला नसता. उरलेला दिवस शांत गेला.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता टकटक सुरू झाली.

सर अंगणात जाऊन उभे राहिले. प्रतिबिंब नव्हतं, ते त्यांनी तीन बाजूंनी वाकून तपासलं. पक्षी तरीही येत होता. त्याच्या चोचीचं टोक तुटलं होतं. प्रत्येक धडकेबरोबर पांढऱ्या लेपावर लाल ठिपका उमटत होता, आणि सगळे ठिपके एका तळहाताएवढ्या जागेत होते, वरच्या डाव्या कोपऱ्यात. आतून पाहिलं तर तिच्या उशीच्या जरा मागे.

दहाच्या सुमारास तो खाली पडला. सरांनी त्याला फावड्यावर घेतलं तेव्हा कपाळाच्या जागी नुसता लगदा होता.

"गेला?" तिने आतून विचारलं.

"उडून गेला," सर म्हणाले.

२

याच आठवड्यात दुसरी एक गोष्ट सुरू झाली. ती पक्ष्याहून वाईट होती, कारण ती सरांच्या स्वतःच्या डोक्यातली होती.

"मघाशी पांघरूण सारखं केलंत ते बरं झालं," ती म्हणाली. "पाठीला गार लागत होतं."

मघाशी सर विहिरीवर होते, निदान त्यांना तसं वाटत होतं.

"हं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पाण्याचा पेला. तिसऱ्या दिवशी उशी. "आज काय मौनव्रत आहे का तुमचं? आलात, उशी बदललीत, एक शब्द नाही." प्रत्येक वेळी सर मान डोलवायचे. त्यांचे थोरले बंधू मोठे वकील होते, आणि सत्तराव्या वर्षी बायकोला "आपण कोण?" असं विचारू लागले होते. त्याचीही सुरुवात अशीच होती, केलेलं न आठवण्यापासून. तेव्हापासून सरांना एकच भीती होती. रोज दाढी करताना ते सतराचा पाढा उलटा म्हणायचे. अडखळत नसत. पण बंधूंनाही कायद्याची कलमं शेवटपर्यंत पाठ होती.

त्यांनी ठरवलं, तिला कळू द्यायचं नाही. पाय मोडलेली बाई, वर नवऱ्याचं डोकं चाललंय हे ओझं तिच्यावर कशाला? ती जे म्हणेल त्याला हो म्हणायचं. पेला मी दिला, पांघरूण मी घातलं. त्यांना स्वतःला हा शहाणपणा वाटला.

एका दुपारी ते खोलीत आले तर तिच्या केसांची वेणी घातलेली होती. घट्ट, टाळूवरची कातडी ताणली जाईल इतकी घट्ट.

"हे कुठे शिकलात हो?" ती हसत म्हणाली. "एवढी वर्षं गुपचूप ठेवलंत."

सरांना वेणी घालता येत नव्हती.

"पुस्तकात वाचून," ते म्हणाले.

ती खूप हसली. सर स्वयंपाकघरात गेले, ओट्याला धरून उभे राहिले आणि आपल्या दहा बोटांकडे बघत बसले. ही बोटं माझ्या नकळत काय काय करतात, असा विचार त्यांच्या मनात आला.

३

ससा भर दुपारी आला.

सर ओसरीत पेपर वाचत होते. गवतातून करडं काहीतरी सुसाट आलं आणि खिडकीखालच्या भिंतीवर आपटलं. उठलं, मागे गेलं, परत आलं. चौथ्या धडकेला मान वाकडी झाली, तरी ते पुढच्या पायांनी स्वतःला भिंतीकडे ओढत राहिलं आणि दातांनी गिलावा खरवडू लागलं. दातांचे तुकडे पडत होते. सरांनी फावडं घातलं. एकदा घालून भागलं नाही.

मेहुण्याला फोन केला. बायकोचा धाकटा भाऊ जनावरांचा डॉक्टर होता, तालुक्याला असायचा, आणि कुठल्याही प्रसंगी थट्टा करायची त्याला खोड होती. तासाभरात तो जीप घेऊन हजर झाला.

"काय भाऊजी, म्हातारपणी शिकार?" त्याने हातमोजे चढवले, सशाला उलटंपालटं केलं आणि त्याचा चेहरा बदलला. "ससा पळतो. अंगावर येत नाही. शंभर सशांत एकही नाही."

"पिसाळला असेल?"

"तेच बघायला हवं. मुंडकं न्यावं लागेल."

त्याने तिथेच, पायरीवर, ते कापलं. मणक्याशी सुरी अडली तेव्हा कट्ट असा आवाज झाला. बर्फाच्या डब्यात मुंडकं ठेवून तो बहिणीच्या खोलीत गेला.

"ताई, मजेत आहेस. नवरा वेण्या घालतोय म्हणे."

"तुझी बायको घालते का तुझ्या डोक्याला तेल? जळू नकोस."

सर दारात उभे राहून हसले. हसताना आपलं तोंड किती वाकडं होतंय हे त्यांना कळत होतं.

चौथ्या दिवशी फोन आला. "भाऊजी, मेंदूत काही नाही. धडधाकट ससा."

"मग?"

"मग काय? तुम्ही शास्त्रज्ञ. तुम्ही सांगा."

४

सरांनी प्रयोग केला. दुसरं त्यांना येत तरी काय होतं?

चाकाच्या खुर्चीतून त्यांनी तिला मागच्या खोलीत हलवलं. समोरची खोली दिवसभर रिकामी ठेवली. एकही जनावर तिकडे फिरकलं नाही. मागच्या खिडकीला दुपारपर्यंत कावळे लागले. ओरडत नव्हते. ओळीने येऊन छातीने काचेवर आदळत होते, आणि खाली पडलेल्यांवर पुढचे पडत होते. संध्याकाळी सरांनी सतरा उचलले. तावदानाला तडा गेला. मागच्या खिडकीला गज नव्हते, म्हणून तिला परत समोरच्या खोलीत आणावं लागलं.

म्हणजे जनावरं खोलीवर येत नव्हती. बायको जिथे जाईल तिथे येत होती. तिच्यावर येत होती.

तिला ते काही बोलले नाहीत. तिला पळता येत नव्हतं, आणि ती आपल्यामुळे इथे होती. त्यांनी कुऱ्हाडीला धार लावली.

शुक्रवारी दुपारी ते मागच्या अंगणात लाकडं फोडत होते. कुंपणापाशी फांद्या मोडल्या. रानडुकरीण बाहेर आली, मागे पट्ट्यापट्ट्यांची नऊ पिल्लं. तिने सरांकडे पाहिलंसुद्धा नाही. पिल्लांना तिथेच सोडून ती स्वयंपाकघराच्या दारावर गेली. खालची फळी पहिल्या धडकेला फुटली, दुसऱ्या धडकेला ती आत होती.

सर धावले. त्या वयात, त्या गुडघ्यांनी, ते कसे धावले ते त्यांनाच ठाऊक. घरातल्या बोळातून किंकाळी ऐकू आली. "अहो! अहो, धावा!"

डुकरीण खोलीत होती. पण ती पलंगावर चढली नव्हती. प्लास्टरच्या पायाला घासून ती पलीकडे गेली होती, उशाशी, पलंग आणि कपाट यांच्या मधल्या रिकाम्या कोपऱ्यात. तिथे ती मुसंडी मारत होती. भिंतीचा गिलावा ढासळत होता, खालच्या विटा दिसत होत्या. सरांनी कुऱ्हाड घातली. पाठीत घुसली. उपटली, परत घातली, मानेवर, खांद्यावर, परत मानेवर. गरम रक्त तोंडावर उडालं, चष्मा लाल झाला, त्यांना दिसेनासं झालं तरी ते घालत राहिले. आपण ओरडतोय हे त्यांना नंतर कळलं.

ती मरेपर्यंत कोपऱ्याकडेच तोंड करून राहिली. मारणाऱ्याकडे तिने एकदाही वळून पाहिलं नाही.

५

मेहुण्याने थट्टा केली नाही. त्याने स्वयंपाकघराच्या दारावर आडव्या फळ्या ठोकून ते बंद केलं, फरशी धुतली आणि धूड दोरीने ओढत जीपमध्ये चढवलं. मग हात पुसत सरांजवळ आला.

"भाऊजी, हिला दूध आहे. पिल्लं पंधरा दिवसांचीसुद्धा नाहीत."

"मी पाहिली."

"अशी आई पिल्लं उघड्यावर टाकून कुठे जात नाही. ती एकच गोष्ट करते. पिल्लं मागे ठेवते, आणि ज्याची भीती आहे त्याच्यावर पुढे जाते." तो थांबला. "ताईची कसली भीती हो तिला?"

सरांनी चष्म्यावरचं वाळलेलं रक्त नखाने खरवडलं.

"मी संध्याकाळी गाडी घेऊन येतो, आडवं नेता येईल अशी. दोघंही चला. ताई कटकट करेल, करू दे. तोवर तुम्ही तिच्याजवळच बसा."

जीप गेली. बायको औषधाच्या गुंगीत होती, श्वास संथ चालला होता. सरांचा राखी स्वेटर रक्ताने जड झाला होता. तो तिनेच विणलेला, आणि त्यांच्याकडे तो एकच होता. अंगात नुसता बनियन ठेवून ते स्वेटर धुवायला पुढच्या अंगणात आले. पाचच मिनिटं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. बादलीतलं पाणी लाल झालं, ओतलं, परत लाल झालं.

मग त्यांच्या लक्षात आलं की बागेत आवाज नाही. वसंतातल्या दुपारी एवढ्या झाडांत एक चिमणी नाही, एक किडा नाही. त्यांनी मान वर केली. पिल्लं गवतात ओळीने उभी होती, नऊच्या नऊ. थरथरत होती, पण हलत नव्हती, आणि सगळ्यांची तोंडं खिडकीकडे होती.

यांना दिसतं तरी काय? एवढ्या दिवसांत हा साधा प्रश्न आपण विचारला नाही, याची सरांना लाज वाटली. त्यांनी मोजमाप केलं, प्रयोग केले, पण जिथून जनावरं बघत होती तिथून एकदाही पाहिलं नव्हतं. ते खिडकीशी गेले आणि रक्ताचे ठिपके पडले होते तिथला लेप ओल्या अंगठ्याने रुपयाएवढा पुसून काढला. डोळा लावला.

ती जागी झाली होती. डोळे मिटून, मान मागे टेकून निवांत पडली होती. उशाशी कोणीतरी वाकून तिचे केस सोडवत होतं. राखी स्वेटर, जरा पोक आलेली पाठ, मानेवर पांढरे केस.

प्रतिबिंब, सरांच्या मनाने लगेच सांगितलं. आपलंच. वस्तू काचेच्या जितकी पुढे, तितकीच प्रतिमा मागे. त्यांनी उजवा हात वर केला. खोलीतले दोन्ही हात केसांतच राहिले, तीन पेड वेगळे करत.

आणि सरांच्या अंगात बनियन होता. स्वेटर बादलीत होता.

"हात किती गार पडलेत तुमचे," ती डोळे न उघडता म्हणाली. "सकाळपासून तेच म्हणतेय. आणि इतकं ओढू नका, दुखतं."

बोटं थांबली नाहीत. एका पेडाने तिची मान हळूहळू मागे वाकत चालली होती, जरा जास्तच. मग ती पाठ सरळ झाली आणि वळू लागली. सरांना कान दिसला, त्यांचाच, आणि गालाची कड. गाल संपायला हवा होता तिथे तो संपत नव्हता. पुढचं त्यांनी पाहिलं नाही, कारण आतून एक तळहात येऊन त्या पुसलेल्या जागेवर टेकला. अगदी डोळ्यासमोर. त्या तळहातावर एकही रेघ नव्हती.

६

पुढच्या दाराला आतून कडी होती. सरांनी ती लावली नव्हती, आणि तिला तर उठता येत नव्हतं. मागच्या दारावर मेहुण्याने ठोकलेल्या फळ्यांना त्यांनी खांदा दिला, नखं घातली. दोन नखं मुळासकट निघाली, फळी हलली नाही. मागची खिडकी? तिथेही कावळ्यांनंतर त्यांनी स्वतःच्या हाताने पत्रा ठोकला होता. जे जे आत येऊ बघत होतं ते ते त्यांनी मारलं होतं, आणि जिथून येता येईल ती प्रत्येक वाट बुजवली होती. कुऱ्हाड बोळात राहिली होती.

ते धावत परत खिडकीशी आले आणि दोन्ही मुठी काचेवर आपटल्या.

आत ती दचकून किंचाळली. "अहो! परत आलं बघा काहीतरी!"

"अगं, मी आहे!" सर ओरडले. "मी बाहेर आहे! तो मी नाही! सरक तिथून, खाली पड, काहीही कर!"

पण गळ्यातून आलेला आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू आला नाही. दुपारच्या त्या आरडाओरड्याने घसा गेला असेल. दुसरं काय असणार? त्यांनी तिचं नाव घेतलं. चाळीस वर्षांत 'अगं'शिवाय हाक मारली नव्हती, आता नाव घेऊन, पुन्हा पुन्हा.

"ऐका ना, कसं केकाटतंय," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "मोठं आहे हो काहीतरी. सावली बघा केवढी. मला सोडून जाऊ नका."

"जात नाही." हा आवाज सरांचा होता. शांत, जरासा समजावणीचा, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. "घाबरू नकोस. मी आहे ना."

"मारा त्याला," ती म्हणाली.

सरांचे हात हवेतच थांबले. त्यांना सगळं कळत होतं. ते जितकं आपटतील तितकी ती भिऊन त्याला बिलगणार. थांबले, तर ती निश्चिंत होऊन डोळे मिटणार आणि मान त्या गार हातांत देणार. मेहुणा यायला दोन तास होते. गवतातून पिल्लं पुढे सरकत होती. एक त्यांच्या पायाला घासून भिंतीशी गेलं आणि आपलं इवलंसं कपाळ विटांवर आपटू लागलं.

सरांनी मुठी वळल्या आणि काचेवर घातल्या. मग कोपर. मग कपाळ. काच फुटली, तुकडे गजांवर आपटून खणखणले. फुटक्या कडांतून त्यांनी दोन्ही हात खांद्यापर्यंत आत खुपसले, मांस फाटलं ते जाणवलंसुद्धा नाही, आणि तिच्या दिशेने बोटं ताणली. एक वीत कमी पडत होती. ती पलंगाच्या टोकाला सरकून, त्या रक्ताळलेल्या हातांकडे बघत, जिवाच्या आकांताने ओरडत होती.

तिच्या मागे आता कोणी नव्हतं.

बोळात पावलं वाजली. फरशीवरून काहीतरी जड, लोखंडी घासत नेल्याचा आवाज झाला, आणि पुढच्या दाराची कडी आतून निघाली.